परिपथाकडून पॅकेटकडे : आधुनिक ध्वनी व डेटा संदेशवहन जाळ्यांची कार्यपद्धती

सारांश

टेलिफोनचे जाळे आणि संगणकांचे जाळे ही दोन भिन्न तत्त्वांवर उभी राहिली. पहिल्यात बोलणाऱ्या दोन व्यक्तींसाठी संपूर्ण वाट राखून ठेवली जात असे. दुसऱ्यात कोणासाठीही काही राखून न ठेवता सर्वांनी एकच वाट वाटून घ्यावी, असे ठरले. आज ही दोन्ही जाळी एकत्र आली असून आवाज हा डेटाचाच एक प्रकार बनला आहे. प्रस्तुत लेखात दोन्ही तत्त्वांचे कार्य सोप्या गणिताच्या आधारे स्पष्ट केले आहे. राखीव वाटेचे तत्त्व नाहीसे न होता नियमांच्या रूपाने नव्या जाळ्यात कसे टिकून आहे, आणि ऑनलाइन अध्यापनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचेही विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : परिपथ, पॅकेट, विलंब, क्षमता, प्राधान्य, ऑनलाइन अध्यापन

१. प्रस्तावना

२०२० मध्ये कोविड-१९ च्या टाळेबंदीत महाविद्यालयीन अध्यापन ऑनलाइन झाले, तेव्हा अनेक प्राध्यापकांनी एक गोष्ट अनुभवली. तास चालू असताना विद्यार्थ्याचा आवाज तुटत असे, शब्द गळत असत, कधी तो मध्येच नाहीसा होई. तोच विद्यार्थी पाच मिनिटांनी त्याच मोबाईलवरून साधा फोन करी, तेव्हा मात्र त्याचे बोलणे स्वच्छ ऐकू येई. मोबाईल तोच, जागा तीच, टॉवरही बहुधा तोच. मग हा फरक कशामुळे पडला?

‘रेंज नाही’ हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर अपुरे आहे, कारण फोन लागला त्या अर्थी रेंज होती. असे असूनही त्या काळात कित्येक विद्यार्थ्यांचे ‘सर, आवाज जात नाही’ हे म्हणणे सबब समजले गेले, आणि तोंडी परीक्षेत किंवा हजेरीत त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. प्रस्तुत लेखकानेही सुरुवातीला असाच समज करून घेतला होता. या प्रश्नाचे खरे उत्तर जाळ्याच्या रचनेत आहे. ते समजून घेण्यासाठी दूरसंचार अभियांत्रिकीचे विशेष ज्ञान लागत नाही. कोणत्याही विद्याशाखेच्या अध्यापकाला समजेल अशा भाषेत ते मांडणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२. परिपथाचे तत्त्व : राखून ठेवलेली वाट

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ मध्ये मिळाले. भारतात कोलकाता, मुंबई व चेन्नई येथे १८८२ मध्ये टेलिफोन एक्सचेंज सुरू झाली. प्रत्येक ग्राहकाच्या घरून दोन तारा एक्सचेंजपर्यंत येत. ग्राहकाने मागितलेल्या क्रमांकाच्या तारांशी त्या तारा जोडून देणे, हे एक्सचेंजचे काम. आरंभी ते काम ऑपरेटर हाताने करीत. पुढे स्वयंचलित यंत्रे आली. जोडणी करणारा माणूस असो वा यंत्र, तत्त्व एकच होते. बोलणे सुरू होण्यापूर्वी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग परिपथ तयार करायचा, आणि रिसिव्हर खाली ठेवीपर्यंत तो त्या दोघांसाठीच राखून ठेवायचा. दोघेही गप्प बसले तरी तो परिपथ दुसऱ्या कोणाला मिळत नसे.

या पद्धतीत मुख्य अडचण संख्येची होती. दोन गावांमधल्या वाहिन्या मोजक्या आणि बोलू इच्छिणारे अनेक. किती वाहिन्या टाकल्या म्हणजे पुरे होईल, या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर डेन्मार्कचे गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी दिले. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करताना त्यांनी १९०९ व १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांतून टेलिफोनच्या रहदारीचे गणित उभे राहिले. या रहदारीच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे.

एक उदाहरण घेऊ. एका गावात १०० टेलिफोन आहेत आणि गर्दीच्या तासात प्रत्येकावरून सरासरी ३ मिनिटे बाहेरगावी बोलणे होते. एकूण बोलणे ३०० मिनिटांचे, म्हणजे एका तासात ५ अर्लांग. सरासरी पाहता ५ वाहिन्या पुरे आहेत असे वाटते. परंतु लोक रांग लावून एकामागून एक फोन करीत नाहीत. ते आपापल्या वेळी करतात. अर्लांगच्या सूत्रानुसार ५ वाहिन्या असतील तर १०० पैकी सुमारे २८ कॉल लागणारच नाहीत. वाहिन्या १० केल्या तर न लागणारे कॉल १०० पैकी सुमारे २ वर येतात. गंमत अशी की ग्राहक दुप्पट व वाहिन्याही दुप्पट केल्या, म्हणजे १० अर्लांगसाठी २० वाहिन्या ठेवल्या, तर न लागणारे कॉल १००० पैकी जेमतेम २ उरतात. मोठ्या समूहाने एकत्र वाटून घेतले की तीच साधने अधिक पुरतात. पुढील सर्व जाळ्यांच्या अर्थशास्त्राचे मूळ या एका गणिती सत्यात आहे.

या पद्धतीत क्षमता संपली की नव्या ग्राहकाला एंगेज टोन मिळे. मात्र ज्यांचा फोन लागला, त्यांच्या संभाषणावर गर्दीचा काहीही परिणाम होत नसे. टंचाईची वाटणी ‘काहींना पूर्ण, काहींना मुळीच नाही’ अशी होती. ज्या वाचकांनी ट्रंक कॉल नोंदवून तासन्तास वाट पाहिली असेल, त्यांना ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ व ‘लाइटनिंग’ हे प्रकार आठवतील. जास्त पैसे देणाऱ्याला लवकर वाट मिळे. लखनौ व कानपूर यांदरम्यान १९६० मध्ये एस.टी.डी. सेवा सुरू झाली आणि हळूहळू देशभर ऑपरेटरची मध्यस्थी संपली. तरीही परिपथाचे तत्त्व कायम राहिले.

३. आवाजाचे अंकांत रूपांतर

प्रारंभीच्या टेलिफोनमध्ये आवाजाच्या चढउताराप्रमाणे तारेतील विद्युतप्रवाह बदलत असे. अंतर वाढले की हा प्रवाह क्षीण होई. तो वाढवताना त्याबरोबर खरखरही वाढे. यावर उपाय म्हणून आवाजच अंकांत मांडावा, ही कल्पना ब्रिटिश अभियंता अॅलेक रीव्हज यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली.

टेलिफोनमध्ये मानवी आवाजातील ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठविला जातो. बोलणे समजण्यास तो पुरतो. एखाद्या लहरीतील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा तिचे मापन केले, तर त्या मापांवरून ती लहर पुन्हा उभी करता येते, असा सिद्धान्त आहे. त्यानुसार आवाजाची सेकंदाला ८००० मापे घेतात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. ८००० गुणिले ८, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. अंकीय टेलिफोनचे सारे जग या ६४ किलोबिटच्या मापावर उभे राहिले.

अंक झाल्यावर अनेक संभाषणे एकाच तारेवरून आळीपाळीने नेता येऊ लागली. भारतात व युरोपात रूढ असलेल्या पद्धतीत अशा ३२ खणांचा एक गट असतो. त्यांपैकी ३० खण बोलण्यासाठी व २ जाळ्याच्या नियंत्रणासाठी असतात. परिपथ म्हणजे आता अखंड तार राहिली नाही. वेळेच्या चक्रात ठरावीक क्षणी आपल्या वाट्याला येणारा एक खण म्हणजे परिपथ. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने याच तत्त्वावर १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्सचेंज तयार केले. भारतीय हवामानात वातानुकूलनाशिवाय चालणाऱ्या या यंत्रामुळे असंख्य खेडी टेलिफोनने जोडली गेली.

येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. आवाज अंकांत आल्यावर त्याचे व संगणकातील मजकुराचे स्वरूप एकच झाले. दोन्ही बिटांच्या ओळीच होत्या. त्या वाहून नेण्याच्या पद्धती मात्र अजून वेगळ्या होत्या.

४. पॅकेटचे तत्त्व : सर्वांची एकच वाट

संगणकांचे संभाषण माणसांसारखे सलग नसते. क्षणभर भरपूर माहिती येते, मग बराच वेळ शांतता असते. अशा संभाषणासाठी सबंध परिपथ राखून ठेवणे म्हणजे एका प्रवाशासाठी संपूर्ण एस.टी. अडवून ठेवण्यासारखे होते. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी १९६४ पर्यंत व ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ मध्ये स्वतंत्रपणे एकच मार्ग सुचविला. संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा आणि ते जाळ्यात सोडून द्यावेत. ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये आर्पानेटवरून पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवताना पहिली दोन अक्षरे पोहोचताच पलीकडचा संगणक बंद पडला.

या जाळ्यातील राउटर नावाचे यंत्र पोस्टातील वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्यासारखे काम करते. आलेल्या पॅकेटवरील पत्ता पाहून ते पुढच्या योग्य दिशेला पाठविणे, एवढेच त्याचे काम. संपूर्ण मार्ग त्याला ठाऊक नसतो, आणि कोणाचे कोणाशी संभाषण चालू आहे हे लक्षात ठेवण्याची गरजही नसते. बाहेर जाण्याची वाट व्यग्र असेल तर पॅकेट रांगेत थांबते. रांगेची जागा संपली तर ते टाकून दिले जाते. हरवलेले पॅकेट पुन्हा पाठविण्याची जबाबदारी दोन्ही टोकांच्या संगणकांवर असते. विंट सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही रचना सुधारित रूपात १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटवर लागू झाली. आजचे इंटरनेट त्याच रचनेवर चालते.

रांगेचे गणित येथे निर्णायक ठरते. रांगशास्त्रातील सर्वांत साध्या नमुन्यात वाट ५० टक्के वापरात असेल तर पॅकेटला लागणारा सरासरी वेळ मोकळ्या वाटेच्या २ पट असतो. वापर ९० टक्के झाला की तो १० पट आणि ९५ टक्के झाला की २० पट होतो. म्हणजे शेवटचे पाच टक्के भरताना विलंब दुप्पट होतो. सायंकाळी आठ वाजता इंटरनेट ‘अचानक’ संथ झाल्यासारखे वाटते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे याचा टोकाचा अनुभव आला. जेमतेम ४०० यार्डांवरील दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पॅकेट हरवत, संगणक ती पुन्हा पाठवीत, त्यामुळे गर्दी वाढे आणि आणखी पॅकेट हरवत. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये सुचविलेला उपाय साधा होता. पॅकेट हरवले की प्रेषकाने आपला वेग स्वतःहून झटकन कमी करावा व नंतर हळूहळू वाढवावा. इंटरनेट आजही मोठ्या प्रमाणात या स्वयंसंयमावर चालते. येथे टंचाईची वाटणी ‘सर्वांना थोडे थोडे कमी’ अशी होते. एंगेज टोन नाही, पण खात्रीही नाही.

५. आवाज पॅकेटमधून जाताना

ई-मेल दोन सेकंद उशिरा पोहोचला तर काहीही बिघडत नाही. आवाजाचे तसे नाही. बोलणाऱ्याचे शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून कमी वेळ लागावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. विलंब त्याहून बराच वाढला की दोघे एकदम बोलू लागतात व संभाषण विस्कटते. शिवाय हरवलेले पॅकेट पुन्हा मागवून उपयोग नसतो. ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. पॅकेटमधून आवाज नेण्याचे प्रयोग १९७० च्या दशकातच सुरू झाले होते. आवाजाला खात्रीपेक्षा वेळ महत्त्वाची, ही जाणीव त्या काळातच झाली. म्हणून केवळ पत्त्यानुसार पॅकेट पोहोचविण्याचे काम आणि ती सर्व पोहोचल्याची खात्री करण्याचे काम १९७८ च्या सुमारास एकमेकांपासून वेगळे करण्यात आले.

प्रत्यक्षात आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात. ६४ किलोबिटच्या हिशेबाने एका तुकड्यात १६० बाइट आवाज असतो. त्यावर पत्ता, क्रमांक व वेळ यांची ४० बाइट माहिती जोडली की २०० बाइटचे पॅकेट होते. सेकंदाला अशी ५० पॅकेट जातात, म्हणजे ८० किलोबिट. परिपथात ६४ किलोबिट पुरत होते. येथे पाचवा हिस्सा केवळ पत्ते लिहिण्यात जातो. आधुनिक संकोचनपद्धती मूळ आवाजच बऱ्याच कमी बिटांत बसवितात, त्यामुळे हा खर्च परवडतो.

आता विलंबाचा हिशेब पाहू. प्रकाशतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते नागपूर केबल १००० किलोमीटरची धरली तरी तो प्रवास ५ मिलिसेकंदांचा. (भूस्थिर उपग्रहामार्गे मात्र वर जाऊन खाली येण्यासच सुमारे २४० मिलिसेकंद लागतात.) तुकडा भरण्यास २० मिलिसेकंद लागतात. उरलेला बराचसा विलंब रांगांमध्ये होतो, आणि तो प्रत्येक पॅकेटला सारखा नसतो. म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूला आलेली पॅकेट थोडा वेळ साठवून एका लयीत वाजविली जातात. या साठवणीच्या मुदतीत जे पॅकेट पोहोचत नाही, ते पुढे आले तरी हरवल्यासारखेच असते. ऑनलाइन तासाला शब्द गळतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. शब्द निघालेला असतो, कधी पोहोचतोही. पण वेळेत पोहोचत नाही.

६. मोबाईल जाळे : परिपथाचे पुनरागमन

भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी पहिला मोबाईल कॉल झाला होता. दुसऱ्या पिढीच्या मोबाईल जाळ्यात आवाजासाठी परिपथच होता, फक्त तो रेडिओलहरींवरील वेळेच्या खणाचा होता. चौथ्या पिढीत हा परिपथ काढून टाकण्यात आला. तिचे जाळे केवळ पॅकेटचे आहे. त्यावरून साधा कॉलही पॅकेटमधून जातो. त्याला व्होल्टे म्हणतात. चौथ्या पिढीचे पुरेसे जाळे नसेल तेथे कॉलसाठी फोन जुन्या पिढीच्या जाळ्यावर, म्हणजे खऱ्या परिपथावर उतरतो.

व्होल्टेमधील कॉलची पॅकेट इतरांच्या रांगेत उभी राहत नाहीत. कॉल सुरू होताच त्याच्यासाठी एक स्वतंत्र वाहिनी मागितली जाते. तिला ठरावीक वेगाची हमी असते आणि मोबाईलपासून जाळ्याच्या प्रवेशद्वारापर्यंत १०० मिलिसेकंदांचे विलंबाचे उद्दिष्ट असते. आंतरजालावरील इतर सर्व वापर, मग तो चित्रपट असो, खेळ असो वा तास, सामान्य वाहिनीतून जातो. तेथे वेगाची हमी नसते व विलंबाचे उद्दिष्ट ३०० मिलिसेकंद असते.

प्रस्तावनेतील कोड्याचे उत्तर येथे मिळते. विद्यार्थ्याने फोन केला तेव्हा त्याचा आवाज राखीव वाटेने आला. तोच विद्यार्थी ऑनलाइन तासात बोलत होता, तेव्हा त्याचा आवाज त्याच टॉवरवरून, परंतु चित्रपट पाहणाऱ्या शेजाऱ्याच्या रांगेत उभा राहून आला. जाळ्याच्या लेखी पहिला आवाज ‘आवाज’ होता. दुसरा केवळ ‘डेटा’ होता. यात आणखी एक बाब जोडली पाहिजे. टॉवर अनेक वॉट शक्तीने प्रक्षेपण करतो, तर मोबाईल कमाल सुमारे एक पंचमांश वॉटने. त्यामुळे दूरच्या वस्तीवर विद्यार्थ्याला प्राध्यापकांचे बोलणे ऐकू येते, पण त्याचे उत्तर पोहोचत नाही. ‘मला ऐकू येतंय सर, माझा आवाज जात नाही’ हे वाक्य भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पूर्णपणे संभवनीय आहे.

७. टंचाईच्या वाटणीचा प्रश्न

यावरून दिसते की परिपथाचे तत्त्व संपलेले नाही. पूर्वी ते तांब्याच्या तारेत होते, आज ते प्राधान्याच्या नियमात आहे. नियम म्हटला की तो कोणी व कोणासाठी केला, हा प्रश्न येतोच. तोंडी परीक्षा, वैद्यकीय सल्ला व करमणूक यांना एकाच रांगेत उभे करणे योग्य आहे काय? उलट, पैसे देईल त्याला पुढे जाऊ दिले, तर ती ‘लाइटनिंग कॉल’ची पुनरावृत्ती ठरणार नाही काय? भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने पॅकेटमध्ये भेदभाव न करण्याचे तत्त्व स्वीकारले; विशिष्ट सेवांना त्यातून वगळण्याची तरतूदही ठेवली. नियम समतेचा आहे आणि सूटही आवश्यक आहे. या दोहोंतील ताण तंत्रज्ञानाने सुटणारा नाही. तो सार्वजनिक धोरणाचा विषय आहे आणि म्हणून सर्व विद्याशाखांचाही आहे.

दुसरा प्रश्न विजेचा आहे. जुन्या टेलिफोनला वीज एक्सचेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटरीतून, त्याच दोन तारांवरून मिळे. भारनियमनाच्या काळात घरात अंधार असतानाही टेलिफोन चालू असे. प्रकाशतंतू वीज वाहून नेत नाही. घरातील मोडेमची वीज गेली की टॉवर वा एक्सचेंज शाबूत असूनही जोडणी तुटते. अर्थात जुनी व्यवस्था अभेद्य होती असे म्हणता येणार नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात मोबाईल व लँडलाइन या दोन्ही सेवा मोठ्या प्रमाणावर कोलमडल्या होत्या. परंतु दोन स्वतंत्र जाळ्यांपैकी एक वाचण्याची शक्यता असते. सर्व काही एकाच जाळ्यावर आणले की ती उरत नाही.

८. अध्यापनासाठी काही सूचना

उपरोक्त विवेचनावरून अध्यापकांना पुढील गोष्टी सहज करता येतील.

(१) ऑनलाइन तासाला दुर्बल जोडणी असलेल्या विद्यार्थ्यांना चित्र बंद ठेवू द्यावे. आवाजाला ८० किलोबिट किंवा त्याहून कमी पुरतात. चित्राला त्याच्या अनेक पट लागतात व तीच पॅकेट आवाजाची रांग अडवितात.

(२) तोंडी परीक्षेत आवाज तुटल्यास साध्या फोनवरून परीक्षा पूर्ण करण्याची मुभा नियमात असावी. तो आवाज राखीव वाटेने येतो.

(३) व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण आधीच उपलब्ध करून द्यावे. साठविलेल्या मजकुराला विलंबाची बाधा नसते. हरवलेली पॅकेट पुन्हा मागविता येतात.

(४) विद्यार्थ्याची हजेरी त्याच्या आवाजावरून ठरवू नये. लेखी प्रतिसादाची एक ओळ अतिशय क्षीण जोडणीवरूनही पोहोचते.

९. निष्कर्ष

टेलिफोनच्या जाळ्याने खात्री दिली, पण थोड्यांना. पॅकेटच्या जाळ्याने सर्वांना प्रवेश दिला, पण खात्रीशिवाय. आजचे एकत्रित जाळे या दोहोंमधील तडजोड आहे, आणि ती तडजोड कोणत्या संभाषणाला ‘आवाज’ मानायचे या निर्णयावर उभी आहे. फोनवरील गप्पांना आज जाळ्यात राखीव जागा आहे. वर्गातील प्रश्नोत्तरांना नाही. हा निसर्गनियम नव्हे, मानवी निर्णय आहे, आणि तो बदलता येतो. तो बदलेपर्यंत, पलीकडून आवाज आला नाही म्हणून पलीकडे कोणी नाही असे समजू नये, एवढी दक्षता अध्यापकाने घेतली तरी या तंत्रज्ञानाची ओळख करून घेतल्याचे सार्थक होईल.